डावीकडे अथेन्स, उजवीकडे स्पार्टा: ‘फरक स्पष्ट करा’ लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
इतिहासाची गाइडं लिहिणारे, नोट्स काढणारे आणि प्रश्नपत्रिका सेट करणारे समस्त गुरुजन,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. तुमचं पुस्तक छापखान्यात जाण्याआधी ते शेवटचं वाचणारी बाई. ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, तुटलेली जोडाक्षरं सांधायची, पान ४ वर ‘पेरिक्लिस’ आणि पान ९ वर ‘पेरिक्लीज’ असेल तर दोघांना एक करायचं, एवढीच माझी हद्द. मजकुरात नाक खुपसायचं नाही हा या कामाचा पहिला नियम, आणि २२ वर्षं मी तो निमूट पाळला.

गेल्या महिन्यात मोडला. प्राचीन जगाच्या इतिहासाच्या नोट्सची प्रुफं समोर होती. प्रश्न ७ वा: ‘अथेन्स व स्पार्टा येथील शिक्षण व समाजजीवन यांतील फरक स्पष्ट करा.’ खाली तुमचा नेहमीचा तक्ता. मधोमध उभी रेघ, डावीकडे अथेन्स, उजवीकडे स्पार्टा. डावीकडे बुद्धी, उजवीकडे शरीर. डावीकडे लोकशाही, उजवीकडे लष्करशाही. डावीकडे ‘शिक्षणाला अत्यंत महत्त्व’, उजवीकडे ‘केवळ युद्धशिक्षण’. डावीकडे कलाप्रेम, उजवीकडे ‘कलेला स्थान नव्हते’. आठ मुद्दे, आठ गुण, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरी मी समासात पेन्सिलीने सहा प्रश्नचिन्हं काढली. प्रुफं परत आली तेव्हा सहाच्या सहा खोडलेली होती आणि शेजारी लाल शाईत शेरा होता: ‘परीक्षेत असंच विचारतात. जसंच्या तसं ठेवा.’

कुणाच्या नोट्स आणि कुठला प्रकाशक, ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हाच तक्ता मी आजवर कितीतरी पुस्तकांत तपासलाय. कधी रेघ जाड, कधी बारीक, इतकाच काय तो फरक. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांनाच.

मुळात हा तक्ता तुम्ही आखलेलाच नाही. तो तयार मिळालाय, आणि फार जुना आहे. इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचं पहिलं वर्ष सरल्यावर, मेलेल्या सैनिकांच्या सार्वजनिक अंत्यविधीत पेरिक्लीज बोलायला उभा राहिला. या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीजने दिलेल्या त्या भाषणात तो साधारण असं म्हणतो की ते स्पार्टाचे लोक कोवळ्या वयापासून कष्टाच्या कवायती करून शौर्याच्या मागे लागतात. आम्ही मोकळेपणाने जगतो आणि तरी त्यांच्याइतक्याच संकटांना तोंड देतो. झाला डावा रकाना भरून. पुढच्या शतकात झेनोफोनने स्पार्टाच्या व्यवस्थेवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याची मांडणी वाचाल तर तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. इतर ग्रीक लोक मुलांना गुलामाच्या हवाली करतात, स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याने त्यांच्यावर स्वतंत्र नागरिक नेमला. इतर लोक पोरांच्या पायात वहाणा घालून पाय नाजूक करून ठेवतात, त्याने अनवाणी हिंडवलं. इतर लोक मुलींना घरात लोकर कातायला बसवतात, त्याने शर्यती लावल्या. जगातलं पहिलं ‘फरक स्पष्ट करा’ म्हणावं असं हे लेखन. फक्त त्यात पैकीच्या पैकी गुण उजव्या बाजूला.

आता पेरिक्लीज अथेन्सचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण झेनोफोनही अथेन्सचाच. आपल्याच शहराने हद्दपार केलेला, स्पार्टाचा राजा एजेसिलेऑसचा मित्र, स्पार्टाने दिलेल्या ऑलिम्पियाजवळच्या जमिनीवर राहून शिकार आणि लेखन करणारा. म्हणजे दोन्ही रकाने अथेन्सच्याच माणसांनी भरले, एकाने अभिमानाने, दुसऱ्याने रागाने. त्या काळातल्या स्पार्टाच्या कुणी आपल्या शिक्षणाबद्दल लिहिलेलं एक पानही आपल्यापर्यंत आलेलं नाही. आणि अंगरख्याखाली कोल्ह्याचं पिल्लू लपवून पोट फाडून घेणाऱ्या पोराची गोष्ट, जिच्यावाचून तुमचं एकही पुस्तक पुरं होत नाही, ती आपल्याला प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराकडून येते. प्लुटार्क इ.स. १०० च्या आसपासचा, म्हणजे पेरिक्लीजनंतर पाचशे वर्षांनी. तोवर स्पार्टा हे रोमन साम्राज्यातलं एक प्रेक्षणीय गाव झालं होतं. आर्टेमिस ऑर्थिया देवीच्या वेदीसमोर मुलांना चाबकाने फोडून काढायचे आणि ते बघायला बाहेरगावचे लोक यायचे. तिसऱ्या शतकात तर प्रेक्षकांसाठी तिथे दगडी बैठका बांधल्या. जत्रेतला खेळ बघून आलेल्यांच्या तोंडून आपण शाळेचा अभ्यासक्रम लिहितोय, असं माझं पहिलं प्रश्नचिन्ह होतं.

दुसरं होतं ‘शिक्षणाला अत्यंत महत्त्व’ याला. कुणी दिलं महत्त्व? अथेन्स या राज्याने त्या काळात मुलांसाठी एकही शाळा चालवली नाही. शाळा खासगी, फी महिन्याच्या महिन्याला, ज्याला परवडेल त्याने पाठवावं. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ संवादात सरळ म्हटलंय की श्रीमंतांची पोरं सगळ्यांत लवकर शाळेत जातात आणि सगळ्यांत उशिरा बाहेर पडतात. कायदा होता, पण तो वेगळ्याच कारणासाठी. अथेन्सचा वक्ता इस्किनीझ याने इ.स.पू. ३४५ च्या एका खटल्यात सोलोन या जुन्या कायदेकर्त्याच्या नावावर सांगितलेला नियम असा की सूर्य उगवण्याआधी शाळा उघडायची नाही आणि मावळण्याआधी बंद करायची. मुलं काळोखात मोठ्या पुरुषांच्या तावडीत सापडू नयेत, ही त्यामागची काळजी. अभ्यासक्रमाबद्दल चकार शब्द नाही.

फीचं म्हणाल तर थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाने रंगवलेला एक कंजूस बाप आहे, तो मला भयंकर आवडतो. पोरगा आजारी पडून शाळेत गेला नाही तर हा तेवढ्या दिवसांची फी कापून घेतो. आणि अँथेस्टेरिऑन महिन्यात, म्हणजे आपल्या फेब्रुवारीच्या आसपास, सणवार फार म्हणून तो पोरांना शाळेतच पाठवत नाही. अख्ख्या महिन्याची फी वाचली! क्लासचालकांना हा बाप ओळखीचा वाटेल.

आणि शिक्षकाला मान किती होता? हे तुम्हा गुरुजनांसाठी मुद्दाम. इ.स.पू. ३३० मध्ये डेमोस्थेनीज भर न्यायसभेत आपल्या प्रतिस्पर्ध्याची, याच इस्किनीझची, लाज काढतो. कशावरून? तर याचा बाप शाळामास्तर होता, आणि हा पोरगा बापाच्या शाळेत शाई घोटायचा, स्पंजने बाकं पुसायचा, पोरांना घेऊन येणाऱ्या गुलामांची खोली झाडायचा. पुढे टोला हाणतो: तू अक्षरं शिकवत होतास, मी शाळेत जात होतो. म्हणजे शिकवणं ही शिवी! लोकशाहीच्या त्या माहेरघरात शेकडो न्यायसभासद हे ऐकत बसले होते, आणि डेमोस्थेनीज खटला जिंकला.

एक चित्र बघा. डुरिस नावाच्या चित्रकाराने इ.स.पू. ४८५ च्या सुमारास रंगवलेला एक प्याला बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या बाहेरच्या अंगावर शाळेचा वर्ग आहे. भिंतीवर वीणेसारखी वाद्यं टांगलेली. मास्तर खुर्चीवर, त्यांच्या हातात उलगडलेली गुंडाळी. समोर अंगाभोवती कापड घट्ट लपेटून एक पोरगा उभा, पाठ म्हणायला बोलावलेलं पोर जसं उभं राहतं तसा. गुंडाळीवर महाकाव्याच्या थाटाची एक ओळ आहे, स्कमांडर नदीचं नाव असलेली. आणि ती ओळ चुकलीय! एका शब्दातलं अक्षर गळलंय, दुसऱ्यात नसलेलं घुसलंय. चूक पोराची की चित्रकाराची यावर वाद आहे. मी त्या फोटोवर किती वेळ घालवला हे सांगायची लाज वाटते. जवळजवळ अडीच हजार वर्षं एक चूक तशीच राहिलीय आणि कुणी लाल शाईने खोडलेली नाही.

पण माझी नजर खरी अडली ती उजव्या कडेला. तिथे पायावर पाय टाकून एक दाढीवाला म्हातारा बसलाय, हातात काठी, मान वळवून पोराकडे बघतोय. तो ना मास्तर ना बाप. तो पेडागोगोस, म्हणजे मुलाला घरून शाळेत आणणारा, त्याचं सामान वाहणारा आणि तो नीट वागतो की नाही हे बघत तिथेच बसून राहणारा गुलाम. बी.एड.ला तुम्ही ‘पेडागॉजी’ म्हणून जे शिकलात त्या शब्दाच्या मुळाशी हा माणूस आहे. त्याने रोज शाळेत बसून किती ऐकलं असेल, त्यातलं काय त्याला येत असेल, कोण जाणे. तुमच्या आठ मुद्द्यांत तो नाही.

मारझोड फक्त उजव्या रकान्यात का, हेही विचारायचं होतं. ‘प्रोटागोरस’मध्येच म्हटलंय की पोरगा ऐकत नसेल तर वाकडं लाकूड सरळ करतात तसा त्याला धाकाने आणि फटक्यांनी सरळ करतात. हे अथेन्सचं वर्णन आहे.

आणि राज्याने मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिलं, याबद्दल कौतुक कुणाचं करावं? अ‍ॅरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो की या बाबतीत स्पार्टाची स्तुती करायला हवी, कारण ते मुलांची काळजी सर्वांत जास्त घेतात आणि तीही सार्वजनिकरीत्या. पुढे थोड्याच पानांवर तो हेही म्हणतो की अति कष्टांनी ते पोरांना रानटी जनावरं करून टाकतात. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच भागातली. तक्त्यात त्यातलं दुसरंच तेवढं येतं.

म्हणून मी काही स्पार्टाची वकिली करत नाहीये. तिथे सातव्या वर्षी मुलगा आईपासून काढून कळपात घालायचे, आणि त्या गटांचं नाव खरंच ‘कळप’ होतं. वर्षाला एक अंगरखा. झोपायला युरोटास नदीकाठच्या लव्हाळ्यांची चटई, लव्हाळी हातानेच मोडून आणायची, सुरी वापरायची नाही. खाणं मुद्दाम अपुरं. चोरी केली म्हणून मार नाही, चोरताना सापडलास म्हणून मार. मुलांवरच्या अधिकाऱ्याच्या दिमतीला चाबूकवाले तरुण, हे झेनोफोन कौतुकाने लिहितो. हे सगळं तुम्ही लिहिता, छान लिहिता. पण पोरगा मोठा झाल्यावर काय, ते गाळता, आणि समाजजीवन तर तिथेच सुरू होतं.

मोठा झाल्यावर त्याला एका जेवणाच्या पंगतीत शिरकाव मिळवावा लागायचा. पंधरा-एक जणांची ती मंडळी, रोज रात्री एकत्र जेवणारी. नवा आला की मतदान. वाढप्या डोक्यावर भांडं घेऊन फिरायचा आणि प्रत्येक जण त्यात भाकरीच्या मऊ भागाचा गोळा टाकायचा. होकार असेल तर गोळा तसाच, नकार असेल तर मुठीत दाबून चपटा. एक चपटा निघाला तरी पोराला आत घेत नसत. लहानपणापासून चाबूक सोसून शेवटचा निकाल भाकरीच्या तुकड्यावर!

आत गेला की महिन्याला शिधा द्यायचा: एक मेडिम्नोस (हे धान्याचं माप) जवाचं पीठ, आठ घडे वाइन, पाच मिना (हे वजनाचं माप) चीज, अडीच मिना अंजिरं, वर मटणमासळीसाठी थोडे पैसे. डुकराचं मांस, रक्त आणि व्हिनेगर घालून केलेला काळा रस्सा हे तिथलं नाव काढण्याजोगं पक्वान्न. पाँटसच्या एका राजाने त्यासाठी म्हणे स्पार्टाचा आचारी विकत घेतला, आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. आचारी म्हणाला, महाराज, याला आधी युरोटासमध्ये आंघोळ करावी लागते. हसून घ्या, पण शिध्याकडे परत या. ज्याला तो देता येत नव्हता त्याचं नागरिकत्व जायचं. अ‍ॅरिस्टॉटलने नेमकं यावर बोट ठेवलंय. जमीन मोजक्या घरांत गोळा होत गेली, गरीब झालेला स्पार्टन पंगतीतून उठला, आणि राज्यातूनही उठला. इ.स.पू. ४८० साठी इतिहासकार हिरोडोटस ८,००० स्पार्टन पुरुष म्हणतो. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत ७०० स्पार्टन उतरले, त्यातले ४०० पडले, आणि अ‍ॅरिस्टॉटल लिहीपर्यंत आकडा हजाराच्याही खाली आला होता. ‘स्पार्टाच्या ऱ्हासाची कारणे’ असा वेगळा दहा गुणांचा प्रश्न तुम्ही काढता, ते उत्तर शिक्षण आणि समाजजीवनाच्या याच प्रश्नात आहे.

आणि हे पीठ, अंजिरं, वाइन पिकवायचं कुणी? हेलॉटांनी, म्हणजे स्पार्टाच्या जमिनी कसणाऱ्या गुलामांनी. प्लुटार्क त्या पंगतींतला एक प्रकार सांगतो. हेलॉटांना पाणी न घातलेली वाइन बळेच पाजायची, त्यांना पंगतीत आणायचं, आचकट गाणी म्हणायला आणि नाचायला लावायचं, म्हणजे तरुण पोरांना कळेल दारूने माणसाचं काय होतं. जिवंत माणूस हे शैक्षणिक साधन. दरवर्षी नवे एफोर, म्हणजे स्पार्टाचे वरिष्ठ अधिकारी, सूत्रं हाती घेताना याच हेलॉटांविरुद्ध युद्ध जाहीर करायचे, म्हणजे त्यांना मारलं तरी पाप लागू नये. थ्युसिडिडीज सांगतो की एकदा, लढाईत ज्यांनी सर्वाधिक पराक्रम केला त्यांना मुक्त करू, असं जाहीर केलं. सुमारे २,००० जण निवडले गेले, डोक्यावर फुलं घालून देवळांना प्रदक्षिणा घालून आले, आणि नंतर ते कसे नाहीसे झाले ते कुणाला कळलं नाही.

तुमच्या तक्त्यात हेलॉट उजवीकडे एका ओळीत आहेत, हे मान्य. पण डावीकडे समोरची जागा कोरी का? इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सच्या सीमेत डेकेलियाला तळ ठोकला तेव्हा अथेन्सचे २०,००० हून जास्त गुलाम पळून गेले, आणि त्यात बरेच कारागीर होते. हा आकडाही थ्युसिडिडीजचाच, अथेन्सच्या सेनापतीचा.

मुलींचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर पत्र आवरणार नाही. झेनोफोनच्याच एका संवादात अथेन्सचा सज्जन गृहस्थ इस्कोमाकस सांगतो की माझी बायको घरी आली तेव्हा पंधराचीही नव्हती, आणि तोवर तिला कमीत कमी दिसेल, कमीत कमी ऐकू येईल आणि कमीत कमी विचारता येईल अशा बंदोबस्तात वाढवलं होतं. तो हे तक्रार म्हणून सांगत नाही. ‘शिक्षणाला अत्यंत महत्त्व’ या ओळीच्या शेजारी मी ते पेन्सिलीने लिहिलं होतं. तिकडे स्पार्टाची पोर पळायची, कुस्ती खेळायची, पोटभर जेवायची. राजकन्या किनिस्काच्या घोड्यांनी इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिम्पियाची रथशर्यत जिंकली, आणि तिने तिथे कोरून ठेवलं की सगळ्या ग्रीसमध्ये हा मुकुट मिळवणारी बाई मी एकटी. अ‍ॅरिस्टॉटल कुरकुरतो की स्पार्टातली जवळजवळ दोनपंचमांश जमीन बायकांच्या नावावर आहे. मात्र मुलींना पळवायचं ते धट्टीकट्टी बाळं व्हावीत म्हणून, हे झेनोफोन झाकत नाही. आणि किनिस्काच्या घोड्यांचा दाणा पिकवणाऱ्या हेलॉट बायकांचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

‘कलेला स्थान नव्हते’ हे मात्र कृपा करून काढाच. अल्कमान नावाच्या कवीने इ.स.पू. सातव्या शतकात स्पार्टाच्या मुलींच्या वृंदासाठी गाणी रचली. त्यातल्या एकाचा मोठा तुकडा १८५५ मध्ये इजिप्तमधल्या सक्कारा इथे पपायरसवर सापडला. मुली एकमेकींची चेष्टा करतायत, आपल्या नायिकेची तुलना शर्यतीच्या घोडीशी करतायत. आर्टेमिस ऑर्थियाच्या त्याच देवळाच्या उत्खननात, १९०६ ते १९१० मध्ये, मातीचे मुखवटे, हस्तिदंती कोरीवकाम आणि शिशाच्या एक लाखाहून जास्त चिमुकल्या मूर्ती निघाल्या. पंख असलेल्या देवता, योद्धे, प्राणी. एवढ्या मूर्ती कुणी ओतल्या, कुणी विकत घेतल्या?

अशक्त बाळं टाकून देण्याबद्दल एकच प्रश्न. वडीलधाऱ्यांनी बाळ तपासून नाकारण्याची ही गोष्टही प्लुटार्कचीच. तोच प्लुटार्क सांगतो की एजेसिलेऑस एका पायाने लंगडा होता, तो इतर पोरांबरोबर कळपातच वाढला, आणि पुढे तो स्पार्टाचा राजा झाला. शिवाय नकोसं मूल टाकून देणं अथेन्सलाही माहीत होतं. तिथे तो निर्णय बापाचा.

आता तुमच्या उभ्या रेघेकडे येते. ती रेघ ओलांडणाऱ्या माणसांची नुसती रांग लागलीय. अथेन्सच्या किमोनने आपल्या मुलाचं नाव लॅकेडिमोनियस, म्हणजे ‘स्पार्टावाला’, ठेवलं, आणि तोच मुलगा पुढे अथेन्सची जहाजं घेऊन मोहिमेवर गेला. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४१४ च्या नाटकात अथेन्सच्या फॅशनवाल्यांची टिंगल आहे: सगळ्यांना स्पार्टाचं वेड लागलं होतं, केस वाढवत होते, उपाशी राहत होते, आंघोळ टाळत होते. (झेनोफोनचं कौतुकही मी याच वेडात धरते, दुसऱ्या गावची शिस्त लांबून फार देखणी दिसते.) आणि त्यांचा शिरोमणी अल्सिबायडीज, पेरिक्लीजच्या पालकत्वाखाली वाढलेला अथेन्सचा पुढारी. त्याला लहानपणी वाढवणारी दाई अमिक्ला ही स्पार्टाकडची. अथेन्सच्या श्रीमंत घरांत तिकडच्या दायांना मागणी असे, कारण त्या बाळांना आवळून बांधत नसत आणि अंधाराला भ्यायला शिकवत नसत. त्याचा पेडागोगोस झोपिरस हा थ्रेसचा गुलाम. प्लेटोच्या नावावरच्या एका संवादात सॉक्रेटिस अल्सिबायडीजला ऐकवतो की पेरिक्लीजने तुझ्यासाठी घरातला सगळ्यांत म्हातारा, म्हणून सगळ्यांत बिनकामाचा गुलाम नेमला. म्हणजे अथेन्सच्या सगळ्यांत झगमगत्या पोराला अथेन्सच्या बाहेरच्या दोन माणसांनी वाढवलं. पुढे तो स्पार्टाला फितूर झाला तेव्हा थंड पाण्याने आंघोळ करून काळा रस्सा इतक्या सराईतपणे ओरपायचा की लोक थक्क व्हायचे. अमिक्लाला कुठल्या रकान्यात बसवायचं? मी प्रुफात हाच प्रश्न लिहिला होता. त्यावर लाल शाईची रेघ सगळ्यांत जाड होती.

झेनोफोनने आपले दोन्ही मुलगे स्पार्टात शिकायला ठेवले होते. त्यातला ग्रिलस इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाला लढताना मेला, अथेन्सच्या घोडदळातून, आणि त्या दिवशी अथेन्स आणि स्पार्टा एकाच बाजूला होते. अथेन्सने स्वतः पुढे काय केलं? त्या शतकाच्या उत्तरार्धात, मॅसिडोनियाकडून मार खाल्ल्यावर, अठराव्या वर्षी प्रत्येक नागरिकाच्या मुलाला दोन वर्षं लष्करी शिक्षण लावलं. राज्याच्या खर्चाने, रोज चार ओबोल भत्ता, वर देखरेख करणारे अधिकारी, आणि जेवण आपापल्या टोळीच्या पंगतीत. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने आलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेत हे सगळं आहे. उजव्या रकान्यातलं बरंचसं सामान डावीकडे येऊन पडलं होतं.

शेवटचं प्रश्नचिन्ह मी ‘अथेन्स: संस्कृतीचे केंद्र’ याला काढलं होतं. इ.स.पू. ४१३. सिसिलीच्या मोहिमेसाठी मागवलेले १,३०० थ्रेसी भाडोत्री सैनिक उशिरा पोचले. रोज माणशी एक ड्राक्मा परवडेना, म्हणून अथेन्सने त्यांना परत धाडलं, सोबत डिएट्रेफिस नावाचा आपला माणूस दिला, आणि जाता जाता शत्रूचं जमेल तेवढं नुकसान करा असं सांगितलं. अथेन्सच्या शेजारच्या बिओशिया प्रांतातलं मिकालेसस हे लहानसं गाव, समुद्रापासून आत, कुणी हल्ला करेल असं स्वप्नातही नसलेलं, तटबंदी पडकी. पहाटे ते आत घुसले. गावातल्या सगळ्यांत मोठ्या शाळेत मुलं नुकतीच येऊन बसली होती. त्यांनी सगळ्यांना कापून काढलं. थ्युसिडिडीज सहसा हळहळत नाही, पण इथे तो थांबतो आणि म्हणतो की या युद्धात यापेक्षा करुण असं काही घडलं नाही.

तेव्हा माझी मागणी फार नाही. तक्ता ठेवा, मला ठाऊक आहे पोरांना तो पाठ करायला सोपा जातो. प्रत्येक मुद्द्याखाली बारीक टाइपात ‘हे कोण म्हणतं’ एवढी एक ओळ द्या: पेरिक्लीज, झेनोफोन, प्लुटार्क. जमलं तर रेघेच्या खाली एक आडवा रकाना काढा, दोन्ही बाजूंना पसरलेला, आणि त्यात पेडागोगोस, हेलॉट, दाई, घरातली बायको यांना बसवा. ‘फरक स्पष्ट करा’च्या जागी एखाद्या वर्षी ‘साम्य सांगा’ विचारून बघा. मी पैजेवर सांगते, वर्गातली निम्मी पोरं आठ मुद्दे काढतील, कारण त्यांना रोज डबा आणि दप्तर सांभाळणारं कोण असतं ते ठाऊक असतं.

ज्या नोट्सवरून हे पत्र सुरू झालं त्यांचा फर्मा येत्या गुरुवारी मशीनवर चढतोय. पान ६३, प्रश्न ७ वा. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत कुणी हो म्हणालं तर आडवा रकाना बसतो. खाली अकरा ओळींची जागा मोकळी आहे, मी मोजून ठेवलीय.

आपली,
एक मुद्रितशोधक